खांबेटेकाकांची फोडणीबंदी

ऑगस्टचा शेवटचा रविवार उलटला की आमच्या शेजारच्या खांबेटेकाकांच्या घरात फोडणी बंद होत असे. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण, सगळ्यांना महिनाभर हद्दपारी. घरात कोणी आजारी नसे, कोणाचं व्रत नसे, डॉक्टरांनी तेल बंद केलेलं नसे. डॉक्टर तर ते स्वतःच. कारण एवढंच, की सप्टेंबरच्या मध्यावर आमच्या विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायचा हंगाम सुरू होतो, आणि हरणाला वास येतो.

डॉ. मधुकर खांबेटे हे नाक-कान-घशाचे निवृत्त सर्जन. मूळचे मिरजेचे. गाई माणसांपेक्षा जास्त आणि माणसं गाईंपेक्षा अबोल अशा या भागात चाळीस वर्षांपूर्वी आले आणि शेतकऱ्यांची नाकं मोकळी करत इथेच राहिले. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं त्या अवयवाबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. "माणसाचं नाक म्हणजे चष्मा टेकवायची जागा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "नाक पाहावं हरणाचं. वारा बरोबर असला तर पाव मैलावरून सांगेल तू सकाळी काय खाल्लंस."

मिरजेच्या माणसाच्या हातात धनुष्य कसं आलं, याला डेल नावाचा शेतकरी जबाबदार आहे. डेलचं नाक लहानपणापासून चोंदलेलं. काकांनी ऑपरेशन केलं आणि वयाच्या पन्नाशीत त्याला पहिल्यांदा आपल्या गोठ्याचा वास आला. त्याबद्दल तो कृतज्ञ कसा राहिला हे मला कळलेलं नाही, पण राहिला. त्याने काकांना आपल्या सोयाबीनच्या शेताच्या कडेला शिकारीची परवानगी दिली. इकडे ही फार मोठी गोष्ट. लोक मुलगी देतात, पण शिकारीचं रान देत नाहीत. डेलने सख्ख्या जावयाला नाही म्हटलेलं होतं. काकांना वाटलं, एवढ्या मानाला नकार कसा द्यायचा? तोपर्यंत डासापलीकडे काही न मारलेल्या या माणसाने दुसऱ्या दिवशी जाऊन धनुष्य आणलं. त्याला चाकं होती. मी विचारलं, "काका, धनुष्याला कप्प्या?" तर म्हणाले, "रामाला होत्या का ते बघू नकोस. रामाला सायटिका नव्हती."

शेत आणि रान जिथे मिळतं तिथे एका ओकच्या झाडाला त्यांनी मचाण लावलं. शिडीचं, वर लोखंडी बाक, पुढे आडवा दांडा. संध्याकाळी हरणं रानातून निघून सोयाबीनचा हिरवा पाला खायला येतात, तेव्हा आपण वर गुपचूप बसलेलं असायचं, असा एकूण बेत. बेत साधा आहे. काकांनी तो साधा ठेवला नाही.

बिनवासाचा साबण आला. शिकारीचे कपडे वेगळे धुवायचे, अंगणात वाळवायचे, आणि झाकणाला रबर लावलेल्या एका हवाबंद पेटीत ओकची पानं आणि मूठभर माती घालून ठेवायचे. ते घरात घालायचे नाहीत, गाडीतही नाही. शेताच्या कडेला गाडी उभी करून, दाराआड उभं राहून, सत्तरीच्या आसपासचे हे सद्गृहस्थ कपडे बदलत. वाऱ्यासाठी औषधाच्या रिकाम्या बाटलीत म्हाताऱ्या भरलेल्या असत. म्हातारी म्हणजे आपण लहानपणी फुंकर मारून उडवायचो तीच, रुईच्या बोंडातली. इथल्या ओढ्याकाठी रुईची चुलत बहीण उगवते. मचाणावर बसलं की एक म्हातारी सोडायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. ती शेताकडे गेली तर आपला वासही शेताकडे चालला. मग उतरायचं आणि घरी जायचं.

गणपतीही नेमके त्याच सुमारास. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला काका येत, पण हॉलमध्ये येत नसत. आत कापूर, उदबत्ती, अत्तर, आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक. ते पार्किंगमध्ये गाडीत बसून राहत, काचेतून हात बाहेर काढून प्रसादाचा मोदक घेत आणि तिथूनच नमस्कार करत. एकदा अध्यक्षांनी भाषणात टोमणा मारला, की काही लोक देवापेक्षा हरणाला जास्त मानतात. मी ते काकांना पोचवलं. ते म्हणाले, "देव समजूतदार आहे. आणि अध्यक्षांचं भाषण पार्किंगमध्ये ऐकू येत नाही, हा मला मिळालेला पहिला प्रसाद."

आता सुमनकाकू.

काकू सांगलीच्या, म्हणजे माहेरही मिरजेशेजारचंच. फोडणी हा त्यांचा एकमेव हट्ट. अमेरिकेतल्या बंद घरांत फोडणी केली की वास आठवडाभर पडद्यांत राहतो, म्हणून आपली सगळी मंडळी फोडणीच्या वेळी झोपायच्या खोल्यांची दारं आणि कोटांचं कपाट बंद करतात. काकूंनी आणखी एक युक्ती काढली होती. त्यांचा एक तपकिरी, कोपरांवर विरलेला स्वेटर होता, स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला. फोडणीच्या वेळी साडीवर किंवा ड्रेसवर तो चढवायचा, फोडणी झाली की काढून परत टांगायचा. बाकीचे कपडे वाचत. तो स्वेटर कधी धुतला गेला असेल असं मला वाटत नाही. "धुतला तर त्याचा उपयोग काय?" असं त्या म्हणत. यात कुठेतरी तर्क होता.

तर सप्टेंबरात काकूंनी काय करावं? मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, त्यांनी पहिल्याच वर्षी सामील करून घेतलं. दुपारी काका टेकडीवर नेम धरायचा सराव करायला गेले, की काकू एका हातात वरणाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात लोखंडी पळी घेऊन आमच्याकडे येत. अंगात स्वेटर. आमच्या गॅसवर फोडणी होई, तिथेच जेवण होई, आणि मग निघताना त्या स्वेटर काढून आमच्या मागच्या अंगणात पंधरा मिनिटं वाऱ्याला उभ्या राहत. चोरून सिगरेट ओढून आलेल्या कॉलेजच्या पोरासारख्या. शेवटी मी त्यांच्यासाठी तिथे एक खुर्ची ठेवली.

काकांना संशय यायचाच. एका संध्याकाळी मी त्यांच्या घरी बसलेलो असताना ते मचाणावरून तणतणत आले.

"फुस्स!" त्यांनी दारातच आवाज काढला. मी दचकलो. "अशी फुस्स केलीन त्या मादीने! मान वर, एक पाय आपटला, फुस्स, आणि पांढरी शेपटी उभी करून पसार. वारा बरोबर, साबण बरोबर. सुमन, हिंग कुठे वापरलास?"

"हरणाला हिंग कळतो," काकू शांतपणे म्हणाल्या, "आणि तुम्हाला कालच्या कढीत मीठ नव्हतं हे कळलं नाही. दोन वाट्या प्यालात."

"विषय बदलू नकोस."

"अहो, विषय तोच आहे. नाक."

बावीस हंगाम हे चाललं. बावीस हंगामांत काकांनी एकही हरीण आणलं नाही. दर वेळी ते फुस्स करून पळे, आणि दर वेळी दोष फोडणीचा. डेल हसून म्हणायचा, "डॉक, माझ्या शेतातली हरणं आता मराठी जेवण ओळखायला लागली असतील." काकांनी एका वर्षी मचाण बदलून दोन माणसांचं आणलं, म्हणजे काकूंना पटेल की हे काम किती गंभीर आहे. काकू एकदाच वर चढल्या. तासाभरात त्यांनी तीन वेळा विचारलं, "आता काय करायचं?" चौथ्यांदा चिवड्याची पिशवी उघडली. त्या दिवशी हरणंच काय, खारीसुद्धा आल्या नाहीत. पण काकांनी दोन माणसांचं मचाण परत बदललं नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला, हिवाळ्यात, काकू गेल्या. चार दिवसांचं दुखणं. मुलगा टेक्सासमधल्या प्लेनोहून आला, दोन आठवडे राहिला, "बाबा, कम स्टे विथ अस," म्हणाला, आणि काकांनी मान न हलवल्यामुळे परत गेला. मंडळाच्या बायका घर आवरून द्यायला आल्या. पडदे धुतले, कपाटं पुसली, सगळीकडे लिंबाच्या वासाचा फवारा मारला. हेतू उत्तम होता. मंडळाचे सगळेच हेतू उत्तम असतात. सहा तासांत त्यांनी त्या घरातला चाळीस वर्षांचा हिंग काढून टाकला.

त्या वर्षी सप्टेंबरात फोडणीबंदी जाहीर झाली नाही. बंद करायला काही चालूच नव्हतं.

यंदा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी अंगणात होतो आणि दूध जळल्याचा वास आला. त्यांच्या खिडकीतून. धावत आत गेलो तर काका गॅसपासून तीन पावलांवर, टेबलाशी बसून बाणांच्या पिसांना गोंद लावत होते. मागे पातेलं काळं ठिक्कर, धूर छताला लागलेला.

"काका, दूध!"

"काय झालं दुधाला?"

"जळलंय!"

त्यांनी वळून पातेल्याकडे पाहिलं. एक्स-रे बघावा तसं. "हो," म्हणाले, "दिसतंय तसं."

मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. तेव्हा खिडकीत चार छोट्या बाटल्या दिसल्या. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. मला वाटलं, सर्दीवरचं काहीतरी घरगुती असेल.

"गेल्या नोव्हेंबरात ताप आला होता ना," काका पिसाकडे बघतच म्हणाले, "त्यात गेलं. वास घ्यायची शक्ती. या चार बाटल्या रोज दोनदा हुंगायच्या, असा व्यायाम असतो. मी शेकडो पेशंटना सांगितला. आता कळतंय ते माझ्याकडे असं का बघायचे."

काका उठले, गॅरेजमध्ये गेले आणि ती हवाबंद पेटी घेऊन आले. शिकारीच्या कपड्यांची. टेबलावर ठेवली, पण उघडली नाही.

"सुमनला पोचवून आलो त्या दिवशी यातली पानं-माती काढून टाकली आणि तिचा स्वेटर आत ठेवला. बायका आवरायला येणार हे मला माहीत होतं. ही पेटी वीस वर्षं वास बाहेर ठेवत होती, म्हटलं आत ठेवायलाही चालेल." त्यांनी झाकणावरून हात फिरवला. "दीड वर्षात दोनदा उघडली. पहिल्यांदा वास होता. व्यवस्थित होता. दुसऱ्यांदा उघडली ती तापानंतर. आता वास गेलाय, की नुसतं माझं नाक गेलंय, हे मला कळत नाही. आणि ते कळायला पाहिजे."

मग म्हणाले, "मी उघडतो. तू एकदाच हुंग. लगेच बंद करणार."

झाकण उघडलं. मी वाकलो. लोकर, प्लास्टिक, रबर. आणि वरून जळक्या दुधाचा धूर. मला दुसरा कसलाही वास आला नाही.

"येतो," मी म्हणालो.

"कशाचा?"

"हिंगाचा."

"आणि?"

"मोहरीचा. आणि... खोबरेल तेलाचा."

काकांनी झाकण लावलं. कड्या दाबल्या, टक, टक. "ती बदामाचं तेल लावायची," ते म्हणाले.

मी जळकं पातेलं उचलून नळाखाली धरलं.

"तुझा दोष नाही. माणसाचं नाक म्हणजे..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग डॉक्टरांच्या आवाजात विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस? हंगाम सुरू होतोय."

पुढचे दिवस त्यांनी सगळं शास्त्रशुद्ध आखलं. हंगामाच्या आधी, गुरुवारी, ते एकटेच मचाणावर बसले. वारा मुद्दाम उलटा, म्हणजे त्यांच्याकडून थेट शेताकडे जाणारा. पण त्या साबणाने आंघोळ, धुतलेले कपडे, बरोबर पेटी नाही. हरणं आली, पाला खाल्ला, गेली. फुस्स नाही. "म्हणजे माझा वास त्यांना लागत नाही," त्यांनी मला फोनवर सांगितलं. "हे झालं कंट्रोल. आता शनिवारी सगळं तेच, फक्त स्वेटर जास्त. तू साक्षीदार. मी एकटा असलो तर मला हवं तेच दिसेल." मग सूचना आल्या. साबण त्यांचा, कपडे त्यांनी दिलेले, दुपारनंतर पोटात काही नाही. मी बहुतेक सूचना पाळल्या.

शनिवारी साडेपाचला आम्ही डेलच्या शेताच्या कडेला पोचलो. डेल ट्रॅक्टरवरून हात हलवून गेला. गाडीच्या दाराआड दोघांनी कपडे बदलले. मीही, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सॉफ्टवेअरच्या नोकरीत ज्याची कल्पना केली नव्हती अशा अवस्थेत. काकांनी पेटी काखोटीला मारली. धनुष्य कुठे दिसेना.

"काका, धनुष्य विसरलात?"

"कशाला हवंय?"

शिडी चढताना त्यांनी कमरेचा पट्टा झाडाला बांधला, माझा दोनदा तपासला. बाकावर ते डावीकडे बसले. उजवी बाजू माझी. चिवड्याच्या दिवशी तिथे काकू बसल्या होत्या हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सोयाबीन अजून हिरवं होतं, मधूनमधून पिवळा ठिपका. डास होते. औषध लावायचं नव्हतं, म्हणून डासांनी साक्षीदाराची सविस्तर साक्ष घेतली. काकांनी बाटली उघडून एक म्हातारी सोडली. ती सावकाश तरंगत गेली, सरळ शेताकडे.

"उलटाच आहे वारा," मी कुजबुजलो.

"हवाच आहे उलटा. गप."

त्यांनी पेटी उघडली. धनुष्य अडकवायचा एक हूक झाडात होता, त्याला स्वेटर टांगला. कोपरांवर विरलेला, तपकिरी. वाऱ्याने त्याची एक बाही थोडी हलली. काका त्याच्याकडे बघत नव्हते. शेताकडेच बघत होते, हात मांडीवर, ऑपरेशनच्या आधी हात धुऊन बसलेल्या माणसासारखे.

पाऊणएक तास गेला. मग रानाच्या कडेला पानं हलली आणि एक मादी बाहेर आली. मागून दोन पाडसं, अंगावरचे ठिपके जवळजवळ पुसलेले. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पाला खायला लागली. चाळीस पावलांवर असेल. एक मिनिट. दोन. काकांचा श्वास मला ऐकू येत नव्हता. मी स्वतः नास्तिकतेच्या जवळपासचा माणूस, पण त्या दोन मिनिटांत मी एका हरणाची मनातल्या मनात बरीच विनवणी केली.

मान वर झाली. नाक वर. कान आमच्याकडे. तिने एक पाय उचलला, जमिनीवर आपटला.

फुस्स.

पांढरी शेपटी उभी राहिली, पाडसांच्याही दोन छोट्या शेपट्या, आणि तिघं रानात नाहीशी झाली.

काका हलले नाहीत. शेताकडे बघतच म्हणाले, "आहे."

"हो काका."

"तू म्हणालास तेव्हा माझा विश्वास नव्हता. तुला माझी भीड. तिला काय माझी भीड?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाकावर नीट टेकवला. "बावीस वर्षं भांडलो मी तिच्याशी या फुस्सवरून. आज तीच ऐकायला आलो."

मग त्यांनी स्वेटर काढला, बाह्या आत घेऊन घडी घातली, पेटीत ठेवला, कड्या दाबल्या. उतरताना मात्र पुन्हा डॉक्टर झाले. "एका निरीक्षणावर काही सिद्ध होत नाही. पुढच्या शनिवारी परत यायचं. सगळं तेच. तू येशील?"

"येईन," मी म्हणालो.

आता मी न पाळलेल्या सूचनेबद्दल. त्या शनिवारी चार वाजता मेधाने थालीपीठ लावलं होतं. मी दोन घास घेणार होतो. दोन थालीपिठं खाल्ली, बरोबर लसणाची चटणी, तीही हाताने कुटलेली, आणि वर कच्चा कांदा. गुरुवारी मचाणावर एकटे काका होते. शनिवारी स्वेटर जास्त होता हे खरं, पण मीही जास्त होतो. हरणाला कोण कळलं, काकू की चटणी, हे शास्त्राला सांगता येणार नाही. काकांच्या प्रयोगातली एवढी एक चूक, आणि ती त्यांच्या उजवीकडे बसलेली होती.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दोन दिवस मात्र त्याचा विचार केला. खरं कळायचं तर पुढच्या वेळी मी उपाशी जायला हवं, साबणाने घासून, कोरा करकरीत. मग हरणाने काय करायचं ते करावं. चांगल्या साक्षीदाराने असंच वागावं. मेधाला मी सगळं सांगितलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने तेल तापत ठेवलं आणि सवयीने म्हणाली, "कोटांचं कपाट बंद कर रे."

मी कपाटाशी गेलो. उद्या काकांच्या कपड्यांखाली घालता येईल असं माझं पातळ जॅकेट बाहेर काढलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मोहरी टाकली, ती तडतडल्यावर हिंग टाकला, नेहमीपेक्षा दुप्पट. आणि मी ते जॅकेट दोन्ही हातांनी कढईवर धरून उभा राहिलो.